जुना थर्मोस्टॅट स्वतः बदलायचाय? आधी वायरी बघा, मग खरेदी करा

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट निम्म्या किमतीत मिळाला म्हणून उचलायचा, घरी येऊन भिंतीवरचा जुना उघडायचा आणि आत जेमतेम दोन वायरी बघून कपाळाला हात लावायचा, हा प्रकार अमेरिकेतल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत झालाय. मग तो डबा गॅरेजमध्ये पडून राहतो, परत करायची मुदत निघून जाते. सगळा घोळ क्रम चुकल्याचा. आधी भिंतीवरचं झाकण काढून बघायचं, फोटो काढायचा, बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसकडचं, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीकडचं टोक बघायचं आणि मगच दुकानाकडे वळायचं.

काम तसं तासाभराचं. इलेक्ट्रिशियनला किंवा एचव्हीएसीवाल्याला (हीटिंग-कूलिंगची कामं करणाऱ्याला) बोलावलं तर तो नुसता दारात येण्याचेच शंभरेक डॉलर लावतो, म्हणून स्वतः करण्यात अर्थ आहे. पण स्क्रू पिळण्याला फारसं डोकं लागत नाही. डोकं लागतं ते कुठली वायर कशाची आहे, हे ओळखायला. त्यामुळे खालचं निम्मं लिखाण प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीचंच आहे.

आणखी एक. हे सगळं अमेरिका आणि कॅनडातल्या सेंट्रल हीटिंग-कूलिंगच्या घरांबद्दल आहे. भारतातल्या गिझरमध्येही थर्मोस्टॅट असतो, पण तिथे थेट २३० व्होल्ट खेळत असतात. तिथे यातलं काहीही लागू करू नका.

भिंतीवरची ती डबी करते काय?

थर्मोस्टॅट म्हणजे स्वतःहून चालू-बंद होणारं बटण, बस. फर्नेसच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातले १२० व्होल्ट २४ व्होल्टवर आणतो आणि ते २४ व्होल्ट एका वायरीने वर भिंतीपर्यंत येतात. घर गार पडलं की थर्मोस्टॅट ही वायर हीटिंगच्या वायरीला जोडतो. खाली फर्नेसला निरोप मिळतो आणि बर्नर पेटतो. घर हवं तेवढं तापलं की जोड तुटते. एसीचं आणि पंख्याचंही असंच.

जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये तर वीज लागेल असं काहीच नव्हतं. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ साली बाजारात आला, हेन्री ड्रायफसने त्याचा आकार ठरवला. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी, तिच्यावर काचेची छोटी कुपी आणि कुपीत पारा. खोली गार झाली की गुंडाळी आकसून फिरते, कुपी कलंडते, पाऱ्याचा थेंब घरंगळत जाऊन दोन तारांच्या टोकांवर बसतो आणि सर्किट पूर्ण होतं. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, पासवर्ड नाही. म्हणून तर तो चाळीस-चाळीस वर्षं बिनतक्रार चालला.

हे समजलं की एक जुना गैरसमजही सुटतो. भारतातून आई-बाबा आले की थंडीत कुणीतरी थर्मोस्टॅट ८० अंश फॅरनहाइटवर नेऊन ठेवतंच, ‘लवकर तापेल’ म्हणून. साध्या गॅस फर्नेसमध्ये ८० काय आणि ७० काय, बर्नर तेवढाच पेटतो. फक्त ७० ला थांबायच्या ऐवजी तो पुढे चालत राहतो. हीट पंप (थंडीत उलटा चालून घर तापवणारा एसी) असेल तर मात्र जास्तच महाग पडतं, कारण आकडा एकदम वर नेला की मदतीला असलेली विजेची कॉइल सुरू होते. नव्या मॉडेलमध्ये लॉक असतो, त्याचा उपयोग घरातल्या राजकारणाचा अंदाज घेऊन करावा.

हात लावू नये अशी घरं

झाकण काढल्यावर पहिली पाहणी वायरींच्या जाडीची. पाच-सहा रंगांच्या, उदबत्तीच्या काडीएवढ्या बारीक वायरी दिसल्या तर तुमची सिस्टीम २४ व्होल्टची, पुढे वाचा.

त्याऐवजी दोन किंवा चार जाड वायरी, काळ्या, लाल किंवा पांढऱ्या, वर प्लास्टिकच्या टोप्या पिळून जोडलेल्या दिसल्या तर झाकण परत लावून टाका. ते १२० किंवा २४० व्होल्ट असतात. भिंतीलगतच्या विजेच्या बेसबोर्ड हीटरला असा थर्मोस्टॅट असतो. जुन्या अपार्टमेंटमध्ये आणि कॅनडात, विशेषतः क्वेबेकमध्ये, हे फार आढळतं. त्यासाठी वेगळे थर्मोस्टॅट मिळतात. साधा २४ व्होल्टचा तिथे लावला तर तो जळेल, कदाचित भिंतीसकट.

दुसरी अडचण महागड्या सिस्टीमची. काही कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या फर्नेस आणि एसी आपल्याच थर्मोस्टॅटशी डिजिटल भाषेत बोलतात. तिथे नेहमीच्या अक्षरांऐवजी ए, बी, सी, डी अशी चार टर्मिनलं, म्हणजे वायर जोडायच्या जागा दिसतात. कॅरिअरची इन्फिनिटी हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. तिथे बाजारातला थर्मोस्टॅट चालत नाही, आणि जुगाड करून चालवला तरी ज्या सोयींसाठी जादा पैसे मोजले त्या निघून जातात. गॅसच्या फायरप्लेसला किंवा जुन्या वॉल हीटरला जोडलेले दोन वायरींचे थर्मोस्टॅट हा तिसरा प्रकार. तिथे एक व्होल्टसुद्धा नसतो, सतत तेवणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीवर तयार होणारे मिलिव्होल्ट असतात. त्यावर स्मार्ट थर्मोस्टॅट थेट चालणार नाही. डब्यावर मिलिव्होल्ट लिहिलेलं बॅटरीवरचं मॉडेल घ्या.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला ईमेलवर विचारून घ्या आणि जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा. जाताना परत लावावा लागतो.

अक्षर वाचा, रंग नंतर

आता मुख्य गोष्ट. थर्मोस्टॅटच्या पाठच्या पट्टीवर प्रत्येक स्क्रूशेजारी एक अक्षर असतं. वायर कुठल्या अक्षराला लागलीय तेच खरं. रंग हा नुसता रिवाज आहे, आणि वायर ओढणाऱ्याच्या हातात त्या दिवशी जो रंग आला तो त्याने लावलेला असू शकतो.

आर म्हणजे २४ व्होल्ट आणणारी वायर, बहुधा लाल. काही पट्ट्यांवर आरएच आणि आरसी अशी दोन टर्मिनलं असतात, एक हीटिंगसाठी, एक कूलिंगसाठी, आणि मध्ये छोट्या तारेचा जंपर असतो. जंपर असेल तर ट्रान्सफॉर्मर एकच आहे. आरएचला एक आणि आरसीला दुसरी अशा दोन वेगळ्या वायरी येत असतील तर ट्रान्सफॉर्मर दोन आहेत, आणि ब्रेकरही दोन बंद करावे लागतील. हे लक्षात ठेवा, कारण पुढे इथेच फसगत होते.

डब्ल्यू म्हणजे हीटिंग, बहुधा पांढरी. वाय म्हणजे एसीचा काँप्रेसर, पिवळी. जी म्हणजे पंखा, हिरवी. डब्ल्यू२ किंवा वाय२ असेल तर तुमची फर्नेस किंवा एसी दोन टप्प्यांत चालतो, तेव्हा थर्मोस्टॅटही दोन टप्प्यांचा घ्या. सी म्हणजे परतीची वायर, बहुधा निळी. तिची गोष्ट वेगळी सांगतो.

हीट पंप असेल तर ओ, बी किंवा ओ/बी दिसेल, बहुधा नारिंगी. उलटा-सुलटा फिरणारा व्हॉल्व्ह या वायरीवर चालतो. बहुतेक कंपन्यांमध्ये कूलिंगच्या वेळी तिच्यात वीज सोडतात, म्हणजे ‘ओ’. रीम आणि रूड यांच्याकडे हीटिंगच्या वेळी, म्हणजे ‘बी’. नव्या थर्मोस्टॅटमध्ये हे सेटिंग विचारतात. उलटं पडलं तर एसी लावल्यावर घर तापतं, बाकी नुकसान काही नाही, सेटिंग बदललं की झालं. पण एक खोच आहे. ट्रेन (Trane) कंपनीच्या जुन्या हीट पंपवर ओ आणि बी अशा दोन्ही वायरी असतील तर त्यातली बी ही बहुधा परतीची सी वायर असते. ती नव्या थर्मोस्टॅटच्या ओ/बीला लावली की सरळ शॉर्ट. त्यामुळे दोन्ही दिसल्या तर खाली फर्नेसमधल्या, या वायरी जिथे जोडलेल्या असतात त्या बोर्डावर बघितल्याशिवाय जोडू नका.

घरात हीट पंपही आहे आणि गॅस फर्नेसही आहे, अशी जोडी असेल तर मी स्वतः करा असं म्हणणार नाही. तिथे सेन्सर, बाहेरच्या तापमानाचे निकष, सगळं येतं. त्या एका कामासाठी माणूस बोलवा.

सी वायर: सगळी रड हिचीच

जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागत नव्हती, त्यामुळे बांधणाऱ्याने सी वायर वर आणलीच नाही. नव्याला स्क्रीन आहे, वायफाय आहे. त्याला चोवीस तास थोडी थोडी वीज हवी, आणि वीज वाहायची तर जायला वाट हवी तशी यायलाही हवी. परतीची वाट म्हणजे सी.

काही मॉडेलच्या डब्यावर ‘सी वायर लागत नाही’ असं असतं. ते खोटं नाही. ती मॉडेलं डब्ल्यू किंवा वायच्या वायरीतून हळूच थोडी वीज चोरतात आणि आतली बॅटरी भरतात. अनेक घरांत हे निभतं. पण काही फर्नेसचे बोर्ड त्या चोरट्या विजेने बिचकतात, त्यांवरचे रिले (विजेने चालणारे छोटे स्विच) टकटक वाजत राहतात, नाहीतर ऐन वसंतात, हीटिंगही नाही आणि कूलिंगही नाही अशा दिवसांत, बॅटरी उतरते. माझं मत स्पष्ट आहे. सी वायर मिळण्यासारखी असेल तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ती जोडा.

मिळवायची कुठून? आधी फुकटचा मार्ग बघा. पट्टी थोडी पुढे ओढली की भिंतीच्या भोकातून येणारी केबल दिसते. बऱ्याचदा केबल पाच वायरींची असते आणि वापरल्या चारच जातात. पाचवी वायर केबलच्या आवरणाभोवती गुंडाळून मागे ढकललेली असते. टॉर्च मारून बघा. सापडली तर ती उलगडायची, खाली फर्नेसच्या बोर्डावर त्याच रंगाचं टोक शोधायचं आणि सी लिहिलेल्या टर्मिनलला लावायचं. तिथे एसीची एक वायर आधीच लावलेली असेल. ती काढू नका, दोन्ही एकाच स्क्रूखाली घ्या.

मोकळी वायर नाहीच, तर पुढचे पर्याय. फक्त हीटिंग असलेल्या घरात पंख्याची ‘जी’ (G) वायर आलेली असेल, तर तिची गरज जवळजवळ नसते. तीच खाली जीवरून काढून सीला लावा आणि वर सी म्हणून वापरा. एसी असेल तरी हे जमतं, पण पंखा एकटा चालवण्याची सोय जाते, आणि काही बोर्डांवर खाली वाय-जी असा छोटा जंपर घालावा लागतो, नाहीतर एसी चालेल आणि पंखा बसून राहील. अनेक कंपन्या डब्यातच एक छोटा अडॅप्टर देतात. तो फर्नेसच्या बोर्डाजवळ बसतो आणि चार वायरींत पाचांचं काम करतो. जोडणी पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणेच करा, त्यात अंदाज चालत नाही. भिंतीच्या प्लगात लावायचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही मिळतो, पण दिवाणखान्यातून वायर लोंबते, आणि ती नेमकी कुठल्या आरला लावायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं. माझ्या लेखी तो शेवटचा पर्याय.

नवी केबल ओढणं सर्वांत चांगलं. थर्मोस्टॅट बेसमेंटच्या बरोबर वर असेल तर ते वाटतं तेवढं अवघड नाही. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून ओढायची युक्ती सगळे सांगतात, पण जुनी केबल भिंतीच्या आत लाकडाला स्टेपल केलेली असली तर ती हलतच नाही. जोर लावून तोडू नका. ओढायचीच असेल तर १८ गेजची आठ वायरींची ओढा. पाचांच्या केबलपेक्षा थोडी महाग पडते, पण उद्या हीट पंप बसवलात तर पुन्हा भिंत खणायला नको.

आणि बॉस्टन, न्यू जर्सीकडच्या जुन्या घरांत बॉयलर-रेडिएटर असतात, तिथे फक्त दोन वायरी येतात, आर आणि डब्ल्यू. अशा घरात स्मार्टचा हट्ट धरण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा साधा प्रोग्रॅमचा थर्मोस्टॅट घ्या. वर्षातून एकदा दोन डबल-ए सेल बदलायचे. उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे करतो त्या दिवशी बदलले की विसरायला होत नाही.

मग खरेदी

आता फोटो हातात आहे, सी वायर आहे की नाही ते माहीत आहे, सिस्टीम कुठली ते माहीत आहे. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर वायरींची अक्षरं भरली की कुठलं मॉडेल चालेल ते सांगणारी पानं असतात, ती वापरा. तुमच्या वीज किंवा गॅस कंपनीच्या साइटवर रिबेट आहे का ते आधी बघा. अनेक राज्यांत चांगली सूट मिळते, कधी कधी थर्मोस्टॅटच्या निम्म्या किमतीएवढी.

जुना वापरलेला स्मार्ट थर्मोस्टॅट स्वस्तात घेताना सांभाळा. गूगलने आपल्या नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या २०११ आणि २०१२ च्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. ती यंत्रं भिंतीवर चालतात, पण फोनवरून नाही.

प्रत्यक्ष काम

जानेवारीच्या संध्याकाळी हे काम काढू नका. काही अडलं तर रात्रभर घर गार आणि पाइप गोठायची धास्ती. एप्रिल नाहीतर ऑक्टोबरमधला शनिवार, तोही सकाळी, दुकानं उघडी असताना.

हाताशी ठेवा: बारीक आणि मध्यम स्क्रू-ड्रायव्हर, वायरचं आवरण सोलायचं स्ट्रिपर, चिकटपट्टी आणि पेन, पेन्सिल, छोटी लेव्हल, ड्रिल आणि ३/१६ इंचाचं बिट, टॉर्च. वीस डॉलरचा मल्टिमीटर असला तर फार बरं.

पहिली पायरी वीज बंद करण्याची. फर्नेसच्या अंगावर किंवा शेजारच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, तो बंद करा आणि पॅनलवरचा ब्रेकरही पाडा. एसीच्या बाहेरच्या युनिटचाही. ‘२४ व्होल्टच तर आहेत, शॉक बसत नाही’ असं म्हणणारे भेटतात. शॉक बसत नाही हे खरं, पण आरची वायर सीला नुसती टेकली तरी बोर्डावरचा फ्यूज उडतो. जुन्या फर्नेसमध्ये फ्यूजच नसतो, तिथे ट्रान्सफॉर्मर जातो.

वीज गेली की नाही, हे थर्मोस्टॅटच्या स्क्रीनवरून ठरवू नका. जुन्या डिजिटलमध्ये बॅटरी असते, वीज गेली तरी आकडे दिसत राहतात. झाकण काढून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक आरला आणि दुसरं सीला लावा, सी नसेल तर डब्ल्यूला. वीज चालू असताना तिथे २४ ते २८ दिसतात, आता शून्य दिसायला हवं. मीटर नसेल तर आकडा वर चढवून फर्नेस सुरू होत नाही ना ते पाच मिनिटं बघा. दोन ट्रान्सफॉर्मरच्या घरात कूलिंगचंही बघा.

झाकण अजून काढलं नसेल तर आता काढा आणि फोटो काढा. एक लांबून, एक जवळून, अक्षरं वाचता येतील असा. फोटो झाला तरी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर अक्षर लिहा, जुन्या पट्टीवरचं अक्षर. नव्या डब्यात छापील लेबलं येतात, ती वापरा. जंपरला लेबल लावायचं नाही, तो वायर नव्हे.

वायरी एकेक करून सोडवा. सगळ्या सुटल्या की लगेच पेन्सिलीभोवती गुंडाळा. भोक मोठं असेल आणि केबल वजनाने खाली घसरली, तर ती भिंतीच्या पोकळीत जाते आणि मग हूक लावून मासे पकडत बसावं लागतं. पेन्सिल आडवी राहिली की केबल अडकून राहते.

जुनी पट्टी काढली की खाली जुना रंग, कधी वॉलपेपर आणि दोन नको ती भोकं दिसतात. नव्यासोबत मोठी सजावटीची पट्टी येते, ती त्यासाठीच. पुट्टी भरून रंग मारायचा असेल तर आत्ताच.

जे काम बहुतेक लोक वगळतात ते इथे करा. भिंतीचं भोक बुजवा. पोकळ भिंतीतून गार वारा वर येतो, थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर. सेन्सरला वाटतं खोली गार आहे, आणि फर्नेस उगाच चालत राहते. केबलभोवती थोडी प्लंबरची पुट्टी किंवा इन्सुलेशनचा तुकडा कोंबला की झालं.

जागेबद्दलही बोलून घेऊ. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, ऊन, गरम हवेचा व्हेंट आणि बाहेरचं दार यांच्यापासून लांब हवा. आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. स्वयंपाकघराला लागून असेल तर पोळ्यांच्या वेळी तो घर तापलं असं धरून बसतो. आणि त्याच्या खाली देवघर मांडलं असेल तर समई, निरांजन लावल्यावर वरची हवा तापते आणि बाकीचं घर कुडकुडतं. थर्मोस्टॅट हलवण्यापेक्षा देवघर दोन फूट बाजूला घेणं सोपं.

नवी पट्टी भोकावर धरा, केबल मधून ओढा, लेव्हल लावून भोकांच्या खुणा करा. ड्रायवॉलमध्ये (जिप्समच्या पातळ भिंतीत) स्क्रू नुसता पकडत नाही, म्हणून ३/१६ इंचाचं भोक पाडून प्लास्टिकचे अँकर ठोका. जुन्या घरातल्या प्लास्टरच्या भिंतीत हातोडी मारू नका, तडा जातो, ड्रिल हळू चालवा.

आता जोडणी. प्रत्येक वायरीचं टोक सरळ करा आणि पाव ते तीन-अष्टमांश इंच आवरण सोला. जास्त सोललं तर उघडं तांबं शेजारच्या वायरीला टेकतं. टोक काळं पडलेलं असेल तर कापून नवं सोला. लेबल बघून त्याच अक्षराच्या टर्मिनलमध्ये घाला आणि दाबपट्टी खाली गेली का ते बघा. मग प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. सुटली तर आत्ता सुटू दे. नव्या पट्टीवर एकच आर असेल तर जंपरची गरज नाही, ती जोड आतच असते. उरलेली वायर भिंतीत परत ढकला, पट्टी स्क्रूने पक्की करा आणि थर्मोस्टॅट वर दाबून बसवा.

फर्नेसचं दार उघडलं असेल तर ते नीट बंद करा. दारामागे एक सेफ्टी स्विच असतो. दार अर्धवट बसलं की सगळी यंत्रणा मेल्यासारखी पडते, आणि लोक तासभर वायरी उलगडत बसतात.

चालू केल्यावरची सेटिंग

वायफाय आणि नाव-गाव या गोष्टी फोन विचारतो तशा भरा. बरेच थर्मोस्टॅट २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कलाच जोडले जातात, राउटर त्याप्रमाणे बघा. तुमचं लक्ष हवं ते पुढच्या प्रश्नांकडे. हीटिंग कशावर, गॅस, तेल की वीज? गॅसच्या फर्नेसमध्ये पंखा फर्नेस स्वतः लावते, विजेच्या फर्नेसमध्ये थर्मोस्टॅटने लावावा लागतो. हे उत्तर चुकलं तर कॉइल तापते आणि हवा येत नाही.

दुसरा प्रश्न तासाला किती वेळा चालू-बंद व्हायचं याचा. हनीवेलच्या मॉडेलमध्ये हा आकडा थेट विचारतात. साध्या गॅस फर्नेसला ५, नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसला आणि गरम पाण्याच्या बॉयलरला ३, विजेच्या हीटिंगला ९, वाफेच्या रेडिएटरला १. खोली सतत गार-गरम होते ही तक्रार बहुतेकदा इथे सुटते.

मग तपासणी. आधी पंखा ‘ऑन’ करा, तो आला म्हणजे आर आणि जी बरोबर. मग हीटिंग पाच अंश वर. गॅस फर्नेस आधी फुंकर मारते, मग पेटते, मग मिनिटभराने पंखा लागतो, एवढा धीर धरा. मग कूलिंग. काँप्रेसर लगेच लागत नाही, थर्मोस्टॅट मुद्दाम पाच मिनिटं थांबवतो. बाहेर ५०-५५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर एसी तपासू नका, काँप्रेसरला ते मानवत नाही.

वेळापत्रक लावताना अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. दिवसातले आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने थंडीत खाली आणि उन्हाळ्यात वर ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. हीट पंपवाल्यांनी मात्र थंडीत एवढं खाली आणू नये. सकाळी वर चढताना विजेची कॉइल लागते आणि रात्रीची बचत तिथेच जाते. दोन-तीन अंश पुरे.

काहीच होत नसेल तर

स्क्रीन काळी असेल तर क्रमाने बघा: ब्रेकर, फर्नेसचा स्विच, फर्नेसचं दार, मग बोर्डावरचा फ्यूज. हा गाडीत असतो तसाच पात्याचा फ्यूज असतो, जांभळा म्हणजे ३ अँपिअर, फिकट तपकिरी म्हणजे ५. गाडीच्या सामानाच्या दुकानात दोन-तीन डॉलरला पाकीट मिळतं. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. नवाही लगेच उडला तर कुठेतरी दोन वायरी टेकताहेत, फ्यूज बदलत राहू नका. उन्हाळ्यात एसीच्या पाण्याच्या ताटलीतला तरंगता स्विचही वीज तोडतो, निचऱ्याची नळी तुंबलीय का बघा.

दोष थर्मोस्टॅटचा की फर्नेसचा, हे ठरवायची जुनी युक्ती आहे. वीज बंद करून थर्मोस्टॅट काढा, पट्टीवरच्या आर आणि जीच्या वायरी एका छोट्या तारेने जोडा आणि वीज चालू करा. पंखा आला तर वायर ठीक. पुन्हा वीज बंद करून आर-डब्ल्यूचं तसंच. फर्नेस पेटली तर चूक थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. दोन्ही वेळा खाली शांतता असेल तर आता फोन उचला. सीला मात्र ही तार चुकूनही लावायची नाही.

जुन्याचं काय करायचं

काचेची कुपी आणि आत चंदेरी थेंब दिसत असेल तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. एका कुपीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो, काही थर्मोस्टॅटमध्ये कुप्या दोन किंवा जास्त असतात, आणि अनेक राज्यांत तो कचऱ्यात टाकायला कायद्याने मनाई आहे. कुपी सोडवायचा प्रयत्न करू नका. झाकण लावून पूर्ण थर्मोस्टॅट झिपच्या पिशवीत घाला, पिशवी एका खोक्यात ठेवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. थर्मोस्टॅट रिसायकलिंग कॉर्पोरेशन ही संस्था १९९८ पासून उत्पादकांनीच चालवलीय. तिचे डबे एचव्हीएसीचं सामान विकणाऱ्या घाऊक दुकानांत असतात. ते जवळ नसेल तर काउंटीच्या घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी न्या. काही राज्यांत जुना पाऱ्याचा थर्मोस्टॅट आणून देणाऱ्याला थोडे पैसेही मिळतात, देताना विचारा. पारा नसलेला डिजिटल असेल तर सेल काढून इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या, पण तो लगेच देऊ नका. नवा एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा नीट चालेपर्यंत जुना खणात राहू दे.